‘वैयक्तिक’ म्हणून नाकारलेली स्वतःचीच नस्ती : एका माहिती अर्जाचा प्रकरण अभ्यास

शासकीय सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबातील एका पात्र व्यक्तीला अनुकंपा तत्त्वावर गट क किंवा गट ड मधील पदावर नेमण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. पदे थोडी आणि अर्जदार जास्त असल्याने प्रतीक्षासूची तयार होते, आणि त्या सूचीतील आपला क्रमांक हीच अर्जदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ठरते. पुढील प्रकरण एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या अशाच सूचीविषयीचे आहे. संबंधितांची नावे, जिल्हा आणि कार्यालय येथे दिलेले नाही. खाजगीपणाच्या हक्काविषयी लिहिताना ते देणे विसंगत ठरले असते.

अर्जदाराचे वडील गट ड मध्ये कार्यरत असताना वारले. मुलीने मुदतीत अर्ज केला आणि आवक शाखेची पोच घेतली. काही महिन्यांनी कार्यालयातील एका लिपिकाने तोंडी सांगितले, की भावाचे नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही. तिने ते लगेच दाखल केले. त्यानंतर बराच काळ काहीच कळले नाही. पुढे सूचनाफलकावर लागलेल्या सूचीत तिला स्वतःच्या नावापुढे पोचेवरचा दिनांक दिसला नाही, काही महिने पुढचा दिनांक दिसला. तिच्या नंतर अर्ज केल्याचे ज्यांच्याविषयी ऐकिवात होते अशा दोघांची नावे तिच्या वर होती. चौकशी केल्यावर ‘नियमानुसार आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

सूचीतील क्रम परिपूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या दिनांकावरून लावला आहे, असे कार्यालयाचे म्हणणे असू शकते, आणि ते वरवर पाहता चुकीचेही नाही. प्रश्न एवढाच होता, की अर्ज अपूर्ण असल्याचे कार्यालयाने तिला कधी व कसे कळवले, आणि हाच निकष इतरांनाही लावला काय. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कार्यालयाच्या कपाटातील नस्त्यांत, म्हणजे फायलींत, होती.

मागणी आणि नकार

अर्जदाराने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जोडपत्र ‘अ’ या विहित नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. मागणी एका वाक्याची होती : ‘अनुकंपा प्रतीक्षासूचीसंबंधीच्या सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ तीस दिवसांची मुदत संपण्याच्या सुमारास उत्तर आले. तेही एका वाक्याचेच होते : मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची व त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने कलम ८(१)(ञ) व कलम ११ अन्वये देता येत नाही.

हे प्रकरण मदतीसाठी माझ्याकडे आले ते या टप्प्यावर. पत्र वाचताना दोन गोष्टी प्रथमदर्शनीच जाणवल्या. कलम ७(८) प्रमाणे माहिती नाकारताना नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील कळवणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पत्रात यांपैकी काहीच नव्हते, कारण कलमाचा क्रमांक लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘सर्व कागदपत्रे’ या शब्दांत अर्जदाराचा स्वतःचा अर्ज, तिच्या वडिलांच्या सेवेचे कागद, तिच्या अर्जावरील कार्यालयीन टिप्पणी, संपूर्ण सूची, आणि इतर कुटुंबांचे उत्पन्नाचे दाखले, मृत्यूचे दाखले व प्रतिज्ञापत्रे असे सगळेच आले होते. अर्जदाराने गठ्ठा मागितला आणि अधिकाऱ्याने गठ्ठाच नाकारला. माहिती अधिकाराची अपिले चाळली तर या दोन वाक्यांची जोडी पुन्हा पुन्हा भेटते, आणि बहुतेक वेळा चर्चा नकाराची होते, मागणीची होत नाही.

कलम ११ चा आधार तर सरळ चुकीचा होता. ते कलम माहिती नाकारण्याचा अपवाद नाही, ती केवळ कार्यपद्धती आहे. त्रयस्थ पक्षाशी संबंधित आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या पक्षाला लेखी कळवायचे, त्याला म्हणणे मांडण्यासाठी दहा दिवस द्यायचे आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत निर्णय घ्यायचा, असा तो क्रम आहे. त्रयस्थ पक्षाची हरकत विचारात घ्यावी लागते, पण ती नकाराधिकार ठरत नाही. येथे तर कोणाला नोटीसही गेली नव्हती. द्यायचेच नाही असे ठरवल्यास नोटीस काढण्याची गरज नसते, हे खरे. परंतु मग नकाराचे समर्थन कलम ८ किंवा ९ मध्येच शोधावे लागते, कलम ११ मध्ये नाही.

दुरुस्तीने काय बदलले

कलम ८(१)(ञ) चा मुद्दा मात्र इतका सोपा नव्हता, कारण हा अर्ज त्या कलमाची दुरुस्ती लागू झाल्यानंतरचा होता.

मूळ कलमानुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी ती केवळ वैयक्तिक असणे पुरेसे नव्हते. तिच्या प्रकटीकरणाचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी काही संबंध नसावा लागे, किंवा त्यातून व्यक्तीच्या खाजगीपणावर अनाठायी आक्रमण व्हावे लागे; आणि तरीही व्यापक लोकहितासाठी ती देणे समर्थनीय असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तर ती देता येत असे. संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही (अटही) त्याला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सर्व काढून टाकले आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढेच शब्द शिल्लक ठेवले. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, तरी ही दुरुस्ती प्रत्यक्ष लागू झाली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये.

त्याच अधिनियमातील नागरिकांना डेटावर हक्क देणारी आणि डेटा बाळगणाऱ्यांवर कर्तव्ये लादणारी मुख्य कलमे मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील अशी रचना आहे. म्हणजे खाजगीपणाच्या नावाखाली माहिती नाकारण्याची सोय आधी आली आणि खाजगीपणा जपण्याची सक्ती नंतर येणार आहे. हा क्रम उलटा आहे असे माझे मत आहे, आणि या प्रकरणात त्याचा अनुभव पुढे आलाच.

नव्या शब्दांचा शब्दशः अर्थ लावला, तर ज्यावर माणसाचे नाव आहे असा शासकीय कागद दाखवताच येणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियमात ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या नाही. डेटा संरक्षण अधिनियमातील ‘वैयक्तिक डेटा’ची व्याख्या इतकी विस्तृत आहे, की जिच्यावरून व्यक्ती ओळखता येते अशी तिच्याविषयीची कोणतीही नोंद तीत बसते, टिप्पणीखालची लिपिकाची सहीसुद्धा. परंतु हा अर्थ टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे अपिलात मांडणे आवश्यक होते.

पहिले कारण कलम ४(१)(ख) मध्ये आहे. अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका, त्यांचे मासिक वेतन, अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील हे सर्व प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता प्रसिद्ध करायचे आहे. ही तरतूद दुरुस्तीने वगळलेली नाही. जी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे तीच मागणाऱ्याला नाकारायची, असा अर्थ एकाच कायद्याच्या दोन कलमांतून काढता येत नाही. अनुकंपा तत्त्वावर ज्यांची नेमणूक झाली त्यांचे नाव, पद आणि वेतन याच तरतुदीखाली येते.

दुसरे कारण कलम ८(२). कलम ८(१) मधील कोणताही अपवाद लागू होत असला, तरी प्रकटीकरणातील लोकहित संरक्षित हितांच्या हानीपेक्षा मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते, असे हे कलम म्हणते आणि ते जागेवरच आहे. फरक असा, की पूर्वी लोकहिताची तपासणी ८(१)(ञ) च्या पोटातच होती. आता ती अर्जदाराला ८(२) मध्ये स्वतंत्रपणे मागावी लागते. ज्याने मागितली नाही त्याच्यासाठी ती आपोआप होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे, आणि आश्चर्य म्हणजे तेच सर्वाधिक विसरले जाते. वैयक्तिक माहितीचा अपवाद ज्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी आहे, त्याच व्यक्तीविरुद्ध तो वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. तेथे वाद विश्वासाश्रित संबंधाच्या अपवादाचा होता, वैयक्तिक माहितीचा नव्हता. परंतु ज्याच्या विश्वासापोटी कागद सांभाळला जातो त्यालाच त्या विश्वासाचे कारण सांगून परतवता येत नाही, हे त्यातील तर्कसूत्र येथेही तितकेच लागू पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणाचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग असलेला मूलभूत अधिकार आहे असे ठरवले. तो व्यक्तीचा अधिकार आहे. कार्यालयाला खाजगीपणा नसतो.

नस्तीची वाटणी

अधिनियमातील सर्वांत कमी वापरले जाणारे कलम कोणते, असे मला विचारले तर मी कलम १० चे नाव घेईन. अभिलेखाचा काही भाग अपवादात येत असेल, तर तो भाग वेगळा काढून उरलेला भाग द्यावा, असे ते सांगते. अधिकाऱ्याला ते त्रासाचे वाटते, कारण पाने चाळावी लागतात, ओळी झाकाव्या लागतात आणि काय वगळले याची कारणमीमांसा द्यावी लागते. अर्जदाराला ते सुचत नाही, कारण काही भाग सोडून देणे म्हणजे माघार घेणे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात खाजगीपणा आणि माहिती या दोन हक्कांचा तंटा कोणत्याही एका बाजूला न झुकता सुटण्याची जागा तीच आहे.

त्यामुळे पहिले अपील लिहिण्यापूर्वी मागणीची फोड केली. हे काम एका बैठकीत झाले नाही, कारण प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे होते : हा कागद कोणाविषयी आहे, तो कार्यालयाने कोणत्या निर्णयासाठी वापरला, आणि तो निर्णय तपासण्यासाठी त्यातील नेमका कोणता तपशील लागतो.

अर्जदाराचा स्वतःचा अर्ज, त्याची आवक नोंद, त्यावरील टिप्पणी आणि झालेला पत्रव्यवहार हा भाग निर्विवाद तिचा होता. टिप्पणी ही अंतर्गत बाब असल्याने देता येत नाही, असे अजूनही काही कार्यालयांत सांगितले जाते. परंतु कलम २(च) मधील माहितीच्या व्याख्येतच अभिप्राय आणि सल्ले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अर्जदार बाधित व्यक्ती होती. तिला या भागासाठी लोकहित सिद्ध करण्याची गरजच नव्हती.

वडिलांच्या सेवापुस्तकाचा प्रश्न थोडा वेगळा होता. मृत व्यक्तीची माहिती कोणाची, यावर बराच वाद घालता येतो. आम्ही तो टाळला. सेवापुस्तकातील मृत्यूची नोंद आणि नामनिर्देशनाचे पान एवढेच लागत होते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आईच्या सहीने स्वतंत्र अर्ज केला. ज्या वादाची गरज नाही तो तत्त्वासाठी लढवण्याचा मोह आवरता घेतलेला बरा.

प्रतीक्षासूची हा खरा कळीचा भाग. सूचीतील प्रत्येक नाव ही कोणाची तरी वैयक्तिक माहिती आहे, हे मान्य करूनही ती सार्वजनिक पदांवर नेमणुका करण्यासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने तयार केलेली क्रमवारी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिक पदाच्या भरतीतील इतर उमेदवारांचे गुण एका उमेदवाराला देण्याचा आदेश दिला होता. जाहिरात देऊन झालेल्या सार्वजनिक भरतीतील गुण हे निव्वळ खाजगी मानता येत नाहीत, असा त्यामागचा विचार होता. तो निकाल जुन्या कलमाच्या शब्दांवर आधारलेला असल्याने तो जसाच्या तसा लागू होतो असा दावा आम्ही केला नाही, पण कलम ८(२) खालील लोकहित कसे मोजावे यासाठी त्याचा आधार घेतला. मागणीही मर्यादित केली : अनुक्रमांक, नाव, मूळ अर्जाचा आवक दिनांक, अर्ज परिपूर्ण मानल्याचा दिनांक, त्रुटी कळवल्याचा जावक क्रमांक व दिनांक, आणि नेमणूक झाली असल्यास आदेशाचा दिनांक. एवढ्या रकान्यांवरून क्रम बरोबर लागला की नाही हे कोणालाही ताडून पाहता येते.

उरले इतर कुटुंबांचे उत्पन्नाचे दाखले, मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रे, वैद्यकीय कागद, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक. हे मागायचे नाही असे ठरवले, आणि अपिलात तसे लेखी नमूद केले. अर्जदाराला हे सुरुवातीला पटले नाही. वर गेलेल्या दोघांचे उत्पन्न जास्त असल्याची तिला शंका होती. परंतु शंका हा लोकहिताचा पुरावा नव्हे. एखाद्या विधवेच्या घरची मिळकत आणि तिच्या पतीच्या आजाराचे कागद त्रयस्थाच्या हाती पडणे ही खरीखुरी हानी आहे. उद्या आपली नस्ती दुसऱ्या अर्जदाराने मागितली तर काय झाकलेले आवडेल, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला आणि यादी स्वतःच तयार केली. ती यादी माझ्या यादीपेक्षा लांब होती.

सुनावणी

पहिले अपील नकाराचे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत करावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी जोडपत्र ‘ब’ आणि वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलाबरोबर मुद्देनिहाय तक्ता जोडला आणि अधिनियमाच्या कलम १९(५) कडे लक्ष वेधले. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमानुसार जन माहिती अधिकाऱ्यावर असते, अपीलकर्त्यावर नाही.

सुनावणीत जन माहिती अधिकाऱ्याने दोन मुद्दे मांडले. पहिला, कलम ८(१)(ञ) मध्ये आता लोकहिताचा अपवादच उरलेला नाही. दुसरा, ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या सेवेविषयीचा तपशील, त्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता व आयकर विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती मानली आहे. दुसरा मुद्दा कार्यालयांत पाठ असलेल्या मंत्रासारखा म्हटला जातो. त्या निकालातही व्यापक लोकहिताची वाट मोकळी ठेवलेली होती. मुख्य म्हणजे येथे कोणाचे मेमो, मालमत्ता किंवा विवरणपत्र मागितलेच नव्हते. मागितले होते ते कार्यालयाने आपल्या शिक्क्याने नोंदवलेले दिनांक. पहिल्या मुद्द्याला उत्तर कलम ८(२) मध्ये होतेच.

अपिलीय अधिकाऱ्याने विचारलेला एक प्रश्न मात्र नेमका होता. नावाशिवाय, केवळ अनुक्रमांक आणि दिनांक दिले तर चालेल काय? अर्जदाराने क्षणभर विचार करून सांगितले, की ज्यांची नेमणूक झाली त्यांची नावे द्यावीत, कारण ती कर्मचारी निर्देशिकेत येणारच आहेत; जे अजून प्रतीक्षेत आहेत त्यांचे अनुक्रमांक पुरेसे आहेत. सुनावणीत अशी तडजोड सुचवण्याचा अधिकार अपीलकर्त्याला आहे, आणि ती विचारपूर्वक सुचवली तर आदेश अडून राहत नाही. बहुतेक अर्जदार येथे ताठर होतात आणि प्रकरण माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे जाऊन रेंगाळते.

आदेश अंशतः मान्यतेचा झाला. स्वतःच्या नस्तीचे टिप्पणी व पत्रव्यवहार या दोन्ही भागांसह अवलोकन (प्रत्यक्ष पाहणी), निवडलेल्या पानांच्या प्रती, आणि ठरलेल्या रकान्यांचा तक्ता देण्याचे निर्देश जन माहिती अधिकाऱ्याला मिळाले. शास्तीचा, म्हणजे दंडाचा, विषय तेथे निघालाच नाही. दररोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती लावण्याचा अधिकार केवळ माहिती आयोगाला आहे, अपिलीय अधिकाऱ्याला नाही. कलम १९(३) खाली नव्वद दिवसांत दुसरे अपील करण्याचा हक्क राखून ठेवला, पण तो वापरावा लागला नाही.

सूचनाफलकावरचे रकाने

या प्रकरणाची दुसरी बाजू सुनावणीच्या वेळी योगायोगाने पुढे आली. सूची वैयक्तिक असल्याने देता येत नाही असे सांगणाऱ्या कार्यालयाने तीच सूची महिनोन्‌महिने दारातील फलकावर लावलेली होती, आणि तिच्यात अर्जदारांचे मोबाइल क्रमांक, जन्मदिनांक, जातप्रवर्ग आणि मृत कर्मचाऱ्याच्या मृत्यूचे कारण असे रकाने होते. क्रम ताडून पाहण्यासाठी जे लागते, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा आणि परिपूर्ण मानल्याचा असे दोन वेगळे दिनांक, ते तिच्यात नव्हते. नेमणूक लवकर करून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी मध्यस्थांचे फोन अर्जदाराच्या आईला का येत होते, याचा उलगडा तेथे झाला.

अशा वेळी दाद कोठे मागायची, हा प्रश्न आजच्या घडीला अवघड आहे. डेटा संरक्षण अधिनियमातील कर्तव्यांची कलमे लागू व्हायची आहेत. फलकावर आधार क्रमांक असता, तर आधार अधिनियमाच्या कलम २९(४) मध्ये तो प्रसिद्ध करण्यास थेट मनाई आहे. मोबाइल क्रमांकासाठी इतकी स्पष्ट तरतूद हाताशी नव्हती. मूलभूत अधिकाराच्या भंगासाठी उच्च न्यायालयात जाता येते, पण फलकावरच्या कागदासाठी ते कोणाला परवडणार? शेवटी कार्यालयप्रमुखांना साधे निवेदन दिले. त्यात आक्षेपार्ह चार रकाने नावानिशी लिहिले, ते वगळून सूची पुन्हा लावण्याची विनंती केली आणि पोच घेतली. काही दिवसांत जुना कागद उतरला. नवा लागला त्यात मोबाइल क्रमांक आणि मृत्यूचे कारण नव्हते. जन्मदिनांक राहिला होता.

पुढेही एक अडचण संभवते. डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ मध्ये स्वतःच्या डेटाचा गोषवारा मागण्याचा हक्क आहे, परंतु तो मुख्यतः संमतीच्या आधारे घेतलेल्या डेटापुरता आहे. शासन लाभ देण्यासाठी किंवा नियोक्ता नोकरीच्या कारणासाठी जो डेटा संमतीशिवाय वापरू शकतो, तेथे हा हक्क पोचेलच असे नाही. शासकीय कार्यालयातील स्वतःची नस्ती पाहण्यासाठी माहितीचा अधिकार हाच मार्ग त्यामुळे २०२७ नंतरही लागणार आहे.

अवलोकन

प्रती मागवण्याआधी अवलोकन करावे, असा आग्रह मी नेहमी धरतो. कलम २(ञ) मध्ये अभिलेखाची पाहणी करणे, टिपणे काढणे आणि प्रती घेणे हे तिन्ही हक्क आहेत. महाराष्ट्रात अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य आहे, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. प्रतीला पानामागे दोन रुपये. जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा २०१८ चा शासन निर्णयही आहे, जो दर्शनी भागात लावलेला क्वचितच आढळतो.

अर्जदाराने नस्ती पान क्रमांकानुसार पाहिली. टिप्पणी भागात तिचा मूळ अर्ज मिळाल्याची नोंद होती, तिच्या पोचेवरच्याच दिनांकाची. त्याखाली ‘नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, त्रुटीपत्र देण्यात यावे’ असा प्रस्ताव आणि त्यावर वरिष्ठांची सही होती. पत्रव्यवहार भागात त्रुटीपत्राचा मसुदा सापडला. तो टंकलिखित होता, तिचे नाव व पत्ता बरोबर होता, परंतु जावक क्रमांकाची जागा कोरी होती, दिनांकाच्या जागी केवळ महिना व वर्ष होते आणि खाली सही नव्हती. जावक नोंदवहीतील त्या महिन्याच्या पानांवर तिच्या नावाची नोंद आढळली नाही. त्यापुढच्या टिप्पणीत मात्र ‘त्रुटीपत्रास अनुसरून अर्जदाराने कागदपत्रे सादर केली, सबब सदर दिनांक ग्राह्य धरावा’ असे लिहिलेले होते. म्हणजे जे पत्र बाहेर पडलेच नाही, त्याच्या आधारावर तिचा दिनांक पुढे ढकलला गेला होता.

केवळ प्रती मागवल्या असत्या तर ‘त्रुटीपत्र दिनांक अमुक’ अशी एक ओळ तक्त्यात येऊन पडली असती. कोरा जावक क्रमांक नस्ती उघडल्यावरच दिसतो.

तक्त्यातून आणखी एक बाब कळली, आणि ती अर्जदाराच्या अपेक्षेप्रमाणे नव्हती. तिच्या वर गेलेल्या दोघांपैकी एकाचा अर्ज खरोखरच तिच्या आधीचा होता. ऐकीव माहिती चुकीची निघाली. दुसऱ्याचा अर्ज नंतरचा होता, तो सुरुवातीपासून परिपूर्ण होता, आणि तिचा मूळ दिनांक ग्राह्य धरला तरच तो तिच्या खाली येतो. त्यामुळे गैरप्रकाराचा आरोप करण्यासारखे काही हाती लागले नाही. हाती लागला तो एक न पाठवलेला कागद.

अर्जदाराने आता नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे निवेदन दिले आहे. त्याला टिप्पणीची दोन पाने, त्रुटीपत्राचा जावक क्रमांक नसलेला मसुदा, जावक नोंदवहीच्या पानांच्या प्रती आणि स्वतःची मूळ पोच जोडली आहे. मागणी एकच आहे : त्रुटी कळवलीच गेली नसल्याने मूळ अर्जाचा दिनांक ग्राह्य धरावा, आणि तसे करायचे नसल्यास कलम ४(१)(घ) प्रमाणे कारणे लेखी द्यावीत. अपूर्ण अर्जाचा दिनांक धरता येतो का, हा सेवाविषयक नियमांचा प्रश्न आहे आणि त्यावर कार्यालयाचे म्हणणे वेगळे असू शकते. खालच्या क्रमांकावर जाणाऱ्या व्यक्तीलाही आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागेल. तसे निवेदनात अर्जदारानेच लिहिले आहे. निर्णय अद्याप आलेला नाही.